फॅन्टसी प्रीमियर लीग: खेळ एक नंबर, पण सीझनच्या शेवटची बक्षीसं आपली आपणच द्यायची

एफपीएल म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगचं ऑफिशियल फॅन्टसी, म्हणजे खऱ्या खेळाडूंमधून आपली कागदावरची टीम बनवून खेळायचा गेम. पूर्ण फुकट, २००२ पासून चालू आहे, जगभरात एक कोटीच्या वर लोक खेळतात, आणि ज्याला फुटबॉलचं थोडंफार वेड आहे त्याने खेळायलाच पाहिजे असं माझं मत आहे. पण मी हे लिहितोय ते लीगचा ॲडमिन म्हणून. आमची एक प्रायव्हेट मिनी लीग आहे, म्हणजे त्याच गेममध्ये फक्त ओळखीच्यांचं वेगळं टेबल, वीसेक जण, निम्मे पुण्यातले, तिघं-चौघं कोल्हापूरचे, एक दुबईला, एक जोडपं ठाण्याचं, आणि सगळे मिळून ऑगस्ट ते मे आपापल्या कागदावरच्या टीमा चालवतो. नवीन सीझन सुरू झाला की दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच, आम्ही पण ऑफिसात लीग काढतोय, ॲप कसं आहे, शेवटी बक्षीसं कशी देता. तर एकदाच नीट लिहून टाकतो, आणि जास्त करून त्या शेवटाबद्दलच लिहितो, कारण टीम कशी निवडायची हे सांगणारे पायलीला पन्नास आहेत पण सीझन संपल्यावर काय करायचं ते कोणी सांगत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. तुम्हाला गेममधल्या खोट्या पैशांत १०० मिलियनचं बजेट मिळतं, त्यात १५ खेळाडू घ्यायचे, २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड, एका क्लबचे तीनपेक्षा जास्त नाही. खऱ्या मॅचमध्ये ते जे करतील त्याचे पॉइंट तुम्हाला. फॉरवर्डच्या गोलला ४, मिडफिल्डरच्या ५, डिफेंडरच्या ६, असिस्टला म्हणजे गोलच्या आधीच्या पासला ३, गोल न खाल्ल्याचे डिफेंडर-कीपरला ४, कॅप्टनचे डबल. आठवड्याला एक बदल फुकट, वरच्या प्रत्येक बदलाला ४ पॉइंट कापतात. असे ३८ आठवडे. एवढं कळलं की झालं, बाकीचं खेळता खेळता कळतं.

खेळ म्हणून हा प्रकार कमाल आहे, त्यात मला शंका नाही. ज्या मॅचकडे आपण ढुंकूनही बघितलं नसतं ती सुद्धा जीव मुठीत धरून बघतो. सप्टेंबर २०२४ मध्ये चेल्सीच्या कोल पाल्मरने ब्रायटनविरुद्ध पहिल्याच हाफमध्ये चार गोल मारले, एका मॅचचे २५ पॉइंट, आणि आमच्या ग्रुपवर ज्यांच्याकडे तो होता आणि ज्यांच्याकडे नव्हता असे दोन तट पडले ते दिवाळीपर्यंत. पुढे तोच पाल्मर जानेवारीनंतर मे महिना उजाडेपर्यंत लीगमध्ये एकही गोल मारू शकला नाही आणि त्याला धरून ठेवणारे हळूहळू खाली गेले. हे सगळं आपण निवडलेलं असतं म्हणून लागतं. वेळ पण आपल्याला सोयीची आहे, डेडलाइन पहिल्या मॅचच्या दीड तास आधी असते, म्हणजे शनिवारची लवकरची मॅच असेल तर आपल्याकडे दुपारी साडेतीन, आणि तिकडे घड्याळं मागे गेली की हिवाळ्यात साडेचार. जेवून, डुलकी काढून, आरामात टीम लावता येते. शुक्रवारी रात्रीची मॅच असली की मात्र गडबड होते, अर्धे लोक विसरतात, त्यामुळे ॲडमिनने शुक्रवारी संध्याकाळी ग्रुपवर एक मेसेज टाकायचाच, हे आधीच सांगून ठेवतो.

आता मुद्द्यावर येतो. सीझन संपला की हे ॲप तुमच्या लीगसाठी काय करतं? एक टेबल दाखवतं. पहिला कोण, दुसरा कोण, शेवटचा कोण, झालं. जगात पहिला येणाऱ्याला इंग्लंडची ट्रिप आणि मॅचची व्हीआयपी तिकिटं वगैरे असतात, पण एक कोटीतला एक, तो आपल्यातला नसतो. तुमच्या वीस जणांच्या लीगमध्ये दहा महिने जे काही घडलं, कोणी कोणाला कधी गाठलं, कोण डिसेंबरात तळाला होता आणि मे मध्ये चौथा आला, यातलं काहीही ते स्वतःहून सांगत नाही. ॲपकडे ही माहिती असते, हेच मला जास्त लागतं. सगळी असते, पण तुम्हाला एकेकाच्या पानावर जाऊन खणून काढावी लागते.

आणि हे का महत्त्वाचं आहे ते सांगतो. मिनी लीग मरते ती नोव्हेंबरात. ज्याची टीम खाली गेली त्याला पहिल्या नंबराची आशा उरत नाही, मग तो एक आठवडा विसरतो, मग दुसरा, मग त्याच्या टीममध्ये चार जखमी खेळाडू तसेच पडून राहतात आणि ग्रुपवर तो बोलायचा बंद होतो. एका बक्षीसावर लीग चालवली की वीसातले पंधरा जण नाताळापर्यंत गेलेच समजा. म्हणून शेवटची बक्षीसं नीट ठरवलेली असली आणि ती कशाकशाची आहेत हे ऑगस्टमध्येच सगळ्यांना सांगितलेलं असलं तर लोक ३८ व्या आठवड्यापर्यंत टिकतात. आमच्याकडे टिकतात. माझं एवढंच म्हणणं आहे की या गेमने हे काम स्वतः करायला हवं होतं, आणि ते करत नाही तोवर ॲडमिनने करावं.

ॲपमध्ये जे दोन-तीन प्रकार कामाचे आहेत ते आधी वापरा. लीगच्या टेबलवर महिन्याप्रमाणे बघायची सोय आहे, ऑगस्ट, सप्टेंबर असं निवडलं की त्या महिन्याचे पॉइंट दिसतात, त्यामुळे महिन्याचा मॅनेजर दोन सेकंदात मिळतो. हे एक झकास केलंय. दुसरं म्हणजे लीगचा कप. ॲडमिनने तो चालू केला की सीझनच्या शेवटच्या आठवड्यांत बाद फेरीच्या मॅचेस लागतात आणि फायनल ३८ व्या आठवड्यात. टेबलात पंधराव्या नंबरावरचा माणूस पण कप जिंकू शकतो, म्हणून एप्रिलमध्ये अचानक मेलेल्या टीमा जिवंत होतात. बऱ्याच ॲडमिनना हे माहीतच नसतं, तुम्ही मात्र चालू करा.

बाकीचं हाताने. प्रत्येक मेंबरच्या टीमवर गेलात की गेमवीक हिस्टरी म्हणून एक तक्ता असतो, त्यात दर आठवड्याचे पॉइंट, बाकावर बसवलेल्या राखीव खेळाडूंचे वाया गेलेले पॉइंट, किती बदल केले, त्याचे किती कापले, जगातला नंबर, टीमची किंमत, सगळं ओळीने असतं. हे एक्सेलमध्ये उतरवून काढायचं. ॲपमधून फाइल काढून द्यायचं बटण नाही. वीस जणांचं करायला दोन-तीन संध्याकाळी जातात, मी रेडिओ लावून बसतो आणि करून टाकतो. अजून एक अडचण म्हणजे आपल्या लीगमधला दर आठवड्याचा नंबर ॲप साठवून ठेवत नाही, फक्त मागच्या आठवड्यापेक्षा वर की खाली तेवढा बाण दाखवतं. त्यामुळे सगळ्यात मोठी झेप कोणाची हे काढायचं असेल तर जगातल्या नंबरावरून काढावं लागतं, किंवा दर मंगळवारी टेबलचा स्क्रीनशॉट मारून ठेवायचा.

आणि हे सगळं जुलैच्या आत. नवीन सीझनसाठी जुलैमध्ये गेम नव्याने उघडतो तेव्हा मागच्या सीझनचा तपशील निघून जातो, मागे राहतात फक्त एकूण पॉइंट आणि एकूण नंबर. आठवड्याआठवड्याचा हिशोब गेला तो गेला. जून महिना हातात असतो, त्यात करून टाका, पाऊस पडत असतो, मॅच पण नसतात.

आता आम्ही कशाकशाची बक्षीसं देतो ते. पहिला, दुसरा, कप, महिन्याचे मॅनेजर, हे तर आहेच. त्यापलीकडची जी आहेत त्यात माझं सगळ्यात आवडतं म्हणजे लढवय्या. ही कल्पना कोल्हापूरच्या एका मेंबरची. तिकडे पेठापेठांतल्या तालमींच्या फुटबॉल टीमा आहेत, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शाहू स्टेडियमवर सीझन चालतो, आणि तिथल्या स्पर्धांमध्ये सामनावीराबरोबर लढवय्या खेळाडू म्हणून पण गौरव करतात. हरलेल्या टीममधला पोरगा पण तो घेऊन जाऊ शकतो. आमचा मेंबर म्हणाला, "अरे गोल मारणाऱ्याचं नाव सगळेच घेत्यात, जो शेवटपर्यंत पळला त्याला पण कायतरी पायजे की." मला ते एकदम पटलं. तर आमचा लढवय्या असा ठरतो की १९ व्या आठवड्याला म्हणजे बरोबर निम्म्या सीझनला जे तळाच्या पाचात आहेत त्यातला जो पुढच्या निम्म्यात सगळ्यात जास्त पॉइंट काढेल तो. एक अट, एकही आठवडा टीम तशीच सोडून दिलेली नको. २०२४-२५ ला हे बक्षीस ठाण्याच्या वहिनींनी नेलं.

त्यांचं थोडं सांगतोच कारण त्यांना पारखी पण मिळालं असतं. पारखी म्हणजे स्वस्तातला हिरा ओळखणारा. त्या सीझनला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा गोलकीपर मॅट्झ सेल्स सुरुवातीला फक्त साडेचार मिलियनला होता. कोणाला वाटलं होतं हो फॉरेस्ट सातवे येतील. वहिनींनी त्याला घेतला आणि हलवलाच नाही, आम्ही सगळे दर महिन्याला कीपर बदलत होतो आणि त्या शांत बसून होत्या. सीझनच्या शेवटी सेल्सच्या १३ क्लीन शीट झाल्या, म्हणजे एकही गोल न खाल्लेल्या मॅच, आणि त्यासाठी कीपरला मिळणारा खऱ्या लीगचा गोल्डन ग्लव्ह त्याला आर्सेनलच्या डाव्हिड रायाबरोबर विभागून मिळाला. पारखीसाठी त्या वर्षी अजून दोन दावेदार होते, एकाने क्रिस वुड ६ मिलियनला घेऊन ठेवलेला, २० गोल, आणि दुबईवाल्याकडे ब्रेंटफर्डचा एम्बेमो ७ मिलियनला, त्याचे पण २०. पारखी शेवटी दुबईवाल्याला दिलं कारण त्याने पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत एम्बेमोला एकदाही विकलं नाही. हे पण एक्सेलवरूनच कळतं, नुसतं आठवणीवर गेलात तर जो ग्रुपवर जास्त बोलतो त्यालाच बक्षीस जातं.

कॅप्टनचं बक्षीस हा मोठा गुंता होता. २०२४-२५ मध्ये लिव्हरपूलच्या मोहम्मद सलाहने २९ गोल आणि १८ असिस्ट केले, ३८ च्या ३८ मॅच खेळला आणि फॅन्टसीमध्ये ३४४ पॉइंट काढले. त्याच्या आधीचा विक्रम पण त्याचाच, २०१७-१८ चा ३०३. खऱ्या लीगचा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट त्याला, सर्वाधिक असिस्टचा प्लेमेकर त्याला, सीझनचा सर्वोत्तम खेळाडू तोच. आता ज्याने डोळे मिटून दर आठवड्याला सलाहला कॅप्टन केलं त्याला एकट्या त्याचे ६८८ पॉइंट. मग सर्वोत्तम कॅप्टन निवडला असं कोणाला म्हणायचं? सगळ्यांनी तेच केलं होतं. म्हणून आम्ही नियम असा केला की सलाह सोडून बाकीच्यांना कॅप्टन केलेल्या आठवड्यांचा हिशोब धरायचा. तिथे खरी हिंमत दिसते. मँचेस्टर सिटीच्या हालंडने सीझनच्या पहिल्या पाच मॅचमध्ये दहा गोल मारले, लागोपाठ दोन हॅटट्रिक, तेव्हा ज्यांनी वेळेवर त्याच्या दंडावर पट्टी बांधली आणि वेळेवर काढली त्यांचा हिशोब वेगळाच निघाला. तुमच्या लीगमध्ये पण ज्या सीझनला एकच खेळाडू सगळ्यांवर भारी असेल तेव्हा हा नियम लावा, बक्षीसाला अर्थ राहतो.

मग शांत डोकं म्हणून एक आहे, ज्याचे बदलांपायी सगळ्यात कमी पॉइंट कापले गेले त्याला. आणि एक जागरूक मॅनेजर, ते दरवर्षी नसतं, तसा प्रसंग घडला तरच. २०२४ च्या डिसेंबरात घडला. ७ तारखेला शनिवारी एव्हर्टन-लिव्हरपूल होती आणि डराघ वादळामुळे ती मॅच पुढे ढकलल्याचं त्याच दिवशी जाहीर झालं, आपल्याकडे दुपार. निम्म्या लीगचा कॅप्टन सलाह. आता कॅप्टन खेळला नाही तर व्हाइस कॅप्टनचे डबल होतात हे खरं, पण व्हाइस कॅप्टन आपण कधी मनावर घेऊन निवडतो का? आमच्यातली एकजण त्या दिवशी मामेभावाच्या लग्नात होती, कार्यालयात नेटवर्क धड नाही, तरी पंगत उठता उठता तिने बातमी बघितली, बाहेर पार्किंगमध्ये जाऊन टीम बदलली आणि वर ग्रुपवर सगळ्यांना सांगितलं की मॅच नाहीये, कॅप्टन बघून घ्या. स्वतःचा फायदा सोडून दिला तिने, कारण गप्प बसली असती तर त्या आठवड्यात सगळ्यांच्या पुढे गेली असती. याला बक्षीस नाही द्यायचं तर कशाला द्यायचं. ती पुढे ढकललेली मॅच फेब्रुवारीत झाली, २-२, आणि त्या आठवड्यात लिव्हरपूलच्या दोन मॅच आल्यामुळे सलाहचे दोन मिळून तीन गोल झाले, ते वेगळंच.

काही बक्षीसं मी ठेवत नाही आणि तुम्ही पण ठेवू नका असं सांगेन. शेवटच्या नंबराला काहीतरी चिडवायचं बक्षीस द्यायची पद्धत बऱ्याच लीगमध्ये आहे, त्याला विचित्र टी-शर्ट घालायला लावतात, सगळ्यांना पार्टी द्यायला लावतात. मला ते अजिबात पटत नाही. शेवटचा आलेला माणूस ३८ आठवडे तुमच्याबरोबर खेळलाय, त्याला पुढच्या वर्षी परत आणायचंय. तसंच बाकावर वाया गेलेल्या पॉइंटचं. तक्त्यात तो आकडा मोठा गमतीचा दिसतो पण कोणाला बाकावर बसवायचं हा त्याचाच निर्णय होता, मग कौतुक कसलं करायचं.

बरोबरी झाली तर काय, यावर तुमची लीग एक दिवस नक्की भांडणार आहे, आमच्याकडे झालं ते सांगतो. २५ मे २०२५, शेवटचा आठवडा, सगळ्या मॅच एकाच वेळी, आपल्याकडे रात्री साडेआठला. एका मेंबरच्या घरी प्रोजेक्टर लावून पुण्यातले सगळे जमलो होतो, कोल्हापूरचा एकजण पण मुद्दाम आला होता. दुसऱ्या नंबरासाठी तो आणि आमचे बँकेतून रिटायर झालेले काका अशी चुरस. काका थोडे पुढे, कोल्हापूरवाल्याचा कॅप्टन सलाह. लिव्हरपूलवर क्रिस्टल पॅलेसने नवव्या मिनिटालाच गोल केला, मग ग्राव्हेनबर्खला लाल कार्ड, लिव्हरपूल दहा जण, सगळ्यांना वाटलं संपलं. आणि ८४ व्या मिनिटाला सलाहने बरोबरी केली. घरात जो आवाज झाला, खालच्या मजल्यावरचे वर आले बघायला. मग बोनस पॉइंट, म्हणजे मॅचमधल्या सर्वोत्तम खेळाडूंना मिळणारे जादा पॉइंट, लागेपर्यंत सगळे मोबाइल धरून बसलेले, कोण कॅल्क्युलेटर काढतंय, कोण रिफ्रेश मारतंय, आणि बोनस लागले तेव्हा दोघांचे पॉइंट अगदी सारखे.

ॲपने काकांना वर दाखवलं. नियमच तसा आहे, पॉइंट सारखे असतील तर ज्याने सीझनभरात कमी बदल केले तो वर. काकांनी कमी केले होते. नियम चांगला आहे, माझी तक्रार नाही, पण मला वाटतं टेबलासाठी तो ठीक आणि बक्षीसासाठी नाही. खऱ्या प्रीमियर लीगमध्ये गोल्डन बूट विभागून देतात, २०१८-१९ ला सलाह, माने आणि ऑबामेयांग तिघांचे २२ गोल झाले आणि तिघांनाही मिळाला, २०२१-२२ ला सलाह आणि सोन दोघांचे २३, दोघांनाही. मी हेच सांगितलं. काका लगेच म्हणाले, "अरे मग वाद कसला, दोघांचं नाव घाल." आणि कोल्हापूरवाला म्हणाला, "काका, मोमेंटो तुमच्याकडंच ठेवा, नाव तेवढं माजं बी कोरा." तसंच केलं. आता आमच्या नियमात लिहूनच टाकलंय की बरोबरी झाली तर बक्षीस विभागून.

ट्रॉफीबद्दल दोन शब्द, कारण ॲपकडून काही येत नाही, आपल्यालाच बनवून घ्यायची असते. मोठ्या चकचकीत कपापेक्षा छोटे मोमेंटो घ्या, लाकडी बेस आणि वर ॲक्रिलिक, टेबलावर राहतात, फेकले जात नाहीत. पहिल्या नंबराला मात्र धातूचा कप, फिरता, दरवर्षी बेसवर नवीन नाव. नावं मराठीत कोरायची असतील तर मजकूर व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवू नका, कोरायच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी जोडाक्षरं फुटतात. लढवय्या मधला य्य हमखास फुटतो, मधे पाय मोडका य येतो. स्वतः पीडीएफ करून द्या आणि कोरायच्या आधी स्क्रीनवर एकदा बघून घ्या.

पैशांचं पण बोलतो कारण हा प्रश्न हमखास येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली, ड्रीम इलेव्हनसारख्यांनी पैशांचे कॉन्टेस्ट बंद केले. एफपीएलला एक रुपया पण लागत नाही, त्यामुळे ते आपलं चालूच आहे. आम्ही सगळे सारखी वर्गणी काढतो, त्यातून मोमेंटो आणि शेवटच्या दिवशीचं जेवण, पुण्याबाहेरच्यांना कुरियर. रोख बक्षीस कोणालाच नाही. हे मी कायद्याच्या आधीपासून म्हणत आलोय, पैसे आले की लोक हिशोब तपासायला लागतात, खेळाचं बोलायचं राहून जातं.

२०२५-२६ साठी गेममध्ये बदल बरेच केलेत, बहुतेक चांगले. डिफेंडरने एका मॅचमध्ये क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन, टॅकल अशी बचावाची कामं मिळून १० केली की २ पॉइंट, मिडफिल्डर-फॉरवर्डला १२ लागतात पण त्यांचे बॉल परत मिळवलेले पण धरतात. म्हणजे गोल-असिस्टच्या पलीकडे घाम गाळणाऱ्याला पहिल्यांदा काहीतरी मिळतंय. आमच्या बक्षीसांत लगेच एक वाढवलं, भिंत, ज्याच्या डिफेंडरांचे सगळ्यात जास्त पॉइंट त्याला. वाइल्डकार्ड, फ्री हिट, बेंच बूस्ट, ट्रिपल कॅप्टन हे चारही चिप, म्हणजे एखाद्या आठवड्यापुरत्या वापरायच्या खास सवलती, दोन-दोनदा मिळायला लागल्या, एक संच निम्म्या सीझनच्या आत संपवायचा. हे लढवय्यासाठी फार चांगलं झालं, कारण निम्म्यानंतर तळातल्याच्या हातात पण पूर्ण संच असतो. २०२४-२५ चा असिस्टंट मॅनेजर चिप काढून टाकला, बरं केलं, सीझनच्या मधेच आलेला तो प्रकार निम्म्या मेंबरांना शेवटपर्यंत समजावून सांगत होतो.

गेमवाल्यांकडून मला तीनच गोष्टी हव्यात. लीगमधला दर आठवड्याचा नंबर साठवा. सीझनचा हिशोब ॲडमिनला एका फाइलमध्ये काढून द्या. आणि शेवटी प्रत्येक लीगला एक पान द्या, झेप कोणाची, स्वस्तातली खरेदी कोणाची, कॅप्टन कोणाचा भारी, जे त्यांच्याकडे आधीच आहे तेच फक्त मांडून. वीस जणांच्या लीगला त्या एका पानाची किंमत इंग्लंडच्या ट्रिपपेक्षा जास्त आहे.

रेटिंग द्यायचं तर खेळाला ५ पैकी साडेचार, सीझनच्या शेवटाला २, त्यातले पण दीड त्या कपच्या सोयीचे. लीग काढणार असाल तर अजून उशीर झालेला नाही, मधे सुरू केली तरी लीगचे पॉइंट कुठल्या आठवड्यापासून मोजायचे ते ॲडमिनला ठरवता येतं. बक्षीसांची यादी मात्र पहिल्याच दिवशी ग्रुपवर पिन करा, आणि एक्सेलचे रकाने आत्ताच आखून ठेवा. माझी कोरी शीट पाहिजे असेल तर सांगा, पाठवतो, त्यात लढवय्याचा फॉर्म्युला पण घातलेला आहे.